वर्तुळ हा पुरावा नव्हे : आघात-विवरांच्या निश्चितीची चिकित्सा

प्रास्ताविक

भूपृष्ठावर गोलाकार खळगा दिसला की तो अशनीच्या आघातानेच झाला असावा, हा समज लोकप्रिय लेखनातून व क्वचित अध्यापनातूनही रूढ झाला आहे. वस्तुतः ज्वालामुखीचे मुख, चुनखडकातील खचभाग, मिठाचे घुमट यांचाही आकार वर्तुळाकार असू शकतो. आकारामुळे शोध सुरू होतो. त्यातून निष्कर्ष निघत नाही. भारताशी संबंधित तीन उदाहरणांच्या आधारे या भेदाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुराव्याचे स्वरूप

आघातामुळे खडकातून जाणारा तरंग क्षणार्धात प्रचंड दाब निर्माण करतो. हा दाब १० गिगापास्कलच्या, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सुमारे एक लाख पटीच्या, पुढे गेला की क्वार्ट्झच्या स्फटिकात ठरावीक दिशांना समांतर सूक्ष्म पटले उमटतात. ज्वालामुखीच्या उद्रेकात असा दाब निर्माण होत नाही. म्हणूनच सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी ही पटले, तसेच खडकातील शंकूच्या आकाराच्या विशिष्ट भेगा निर्णायक मानल्या जातात.

लोणार आणि धाला

बुलढाणा जिल्ह्यातील सुमारे १.८ कि.मी. व्यासाच्या लोणार विवराची नोंद १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी केली. भोवती दख्खनचा बेसॉल्ट असल्याने ते ज्वालामुखीजन्य मानले जाणे त्या काळी स्वाभाविक होते. विवराचा आकार तेव्हाही आजच्यासारखाच होता. बदलला तो पुरावा. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसते, म्हणून अभ्यासकांना फेल्डस्पारकडे वळावे लागले. १९७३ मध्ये के. फ्रेडरिकसन व सहकाऱ्यांनी आघाताने काचसदृश झालेले फेल्डस्पार, म्हणजे मॅस्केलिनाइट, दाखवून दिले आणि लोणारच्या उत्पत्तीचा वाद मिटला.

मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यातील धाला येथे परिस्थिती नेमकी उलट आहे. सुमारे २५० ते १७० कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान झालेल्या या विवराचा मूळ खळगा झिजून गेला आहे. तरीही २००८ मध्ये जे. के. पती व सहकाऱ्यांनी मांडलेल्या क्वार्ट्झमधील पटलांच्या पुराव्यामुळे किमान ११ कि.मी. व्यासाची ही रचना आघातजन्य ठरली. आकार नाहीसा झाला, पण खडकाने साक्ष जपली.

‘शिवा’चा दावा

मुंबईलगतच्या समुद्रतळाखाली सुमारे ५०० कि.मी. लांबीचे ‘शिवा’ विवर असल्याचे शंकर चटर्जी यांनी मांडले आणि डायनोसॉरांच्या विनाशाशी त्याचा संबंध जोडला. बॉम्बे हाय हे त्याचे मध्यवर्ती शिखर, असे त्यांचे प्रतिपादन आहे. परंतु पश्चिम किनाऱ्यालगतचे उंचवटे व खोलगट भाग हे भूखंड विलग होताना झालेल्या प्रस्तरभंगांनीही स्पष्ट होतात. या रचनेतून आघाताचा सर्वमान्य खनिज-पुरावा पुढे आलेला नाही. मान्यताप्राप्त आघात-विवरांच्या सूचीतही तिचा समावेश नाही.

रचना गाडली गेली असल्याने पुरावा मिळणे कठीण, हा युक्तिवाद पुरेसा नाही. मेक्सिकोतील चिक्शुलुब विवरही गाडलेलेच आहे. तेलशोधासाठी काढलेल्या गाभ्यांतील आघातग्रस्त क्वार्ट्झमुळे १९९१ मध्ये त्याची ओळख पटली. अर्थात पुरावा अपुरा असणे म्हणजे खंडन नव्हे. ‘शिवा’ हे गृहीतक म्हणून अभ्यसनीय आहे. पाठ्यपुस्तकात तथ्य म्हणून सांगण्याजोगे मात्र नाही.

उत्पत्ती आणि वय

उत्पत्ती सिद्ध झाली म्हणजे वयही निश्चित झाले, असे होत नाही. लोणारचे वय ५२ हजार वर्षे असे सर्रास लिहिले जाते. हा आकडा १९९७ च्या तापदीप्ती मापनावर आधारित आहे. २०११ मध्ये आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने हेच वय सुमारे ५.७ लाख वर्षे आले. हा फरक दहापटीहून अधिक आहे. तेव्हा आकड्यासोबत त्याची पद्धत सांगणे ही शैक्षणिक जबाबदारी ठरते.

निष्कर्ष

आघात-विवराची निश्चिती उपग्रहचित्रातील वर्तुळावर नव्हे, तर खडकाच्या पातळ काचपट्टीवर होते. लोणारची सहल नेताना विद्यार्थ्यांना विवराच्या काठावरून केवळ दृश्य दाखवून परतू नये. ‘हे आपल्याला कशावरून कळले?’ हा प्रश्न तेथेच विचारला, तर भूविज्ञानाइतकीच प्रमाणविचाराचीही दीक्षा त्यांना मिळेल.