देवाकडे ‘अनडू’ आहे का?

देव सर्व काही करू शकतो, पण कौमार्य गमावलेल्या मुलीला पुन्हा कुमारी करू शकत नाही, असं संत जेरोमने ३८४ मध्ये एका पत्रात लिहिलं. पुढे १०६५च्या सुमारास इटलीतल्या पीटर डेमियनला हे खटकलं. मोंते कासिनोच्या मठाधिपतीला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, देवापुढे काल, आज, उद्या एकदमच हजर असतात. मग त्याचं सामर्थ्य भूतकाळापाशी का अडावं?

युक्तिवाद देखणा आहे, पण मला पटत नाही. तेराव्या शतकातला थॉमस अक्विनास जास्त नेमका वाटतो: देव त्या मुलीचं शरीर-मन पूर्ण निर्मळ करेल, पण ‘ते घडलं होतं’ हे पुसणार नाही. कारण ‘घडलेलं घडलंच नाही’ हे अवघड काम नाही. ती नुसती विसंगती आहे. आम्ही रोलबॅक करतो तेव्हा डेटा पूर्ववत होतो. चूक झाली होती हे मात्र, लॉग पुसला तरी, खरंच राहतं.

तिघांपैकी कुणीच त्या मुलीला विचारत नाही. तिच्यावर जबरदस्ती झाली असेल तर? भूतकाळ पुसला तर तिचं दुःखही जाईल, असं कुणी म्हणेल. पण ते सोसून उभी राहिलेली तीही जाईल, आणि गुन्हेगार निर्दोष ठरेल. ‘असं काही झालंच नाही’ म्हणणारी माणसं तिच्याभोवती पुष्कळ असतात. देवाने तरी त्यांच्यात सामील होऊ नये.