रॅपचे प्रांत आणि घाटावरचा माइक

मराठी रॅपवर जे लिहिलं जातं त्यात दोन सूर ठरलेले असतात. एकाच्या मते हे सगळं अमेरिकेचं उसनं आहे. दुसरा छाती काढून सांगतो की हा तर आपला पोवाडाच, फक्त टोपी उलटी घातलेला. दोघांनीही फारसं ऐकलेलं नसतं. मला कसोटी वेगळी लावावीशी वाटते: बोलीनं ठेका वाकवला, की ठेक्यानं बोलीला फरपटत नेलं? मुंबई, पुणे आणि अमरावती या कसोटीवर घासून पाहिली की तिन्ही ठिकाणची गाणी वेगळी का वाजतात ते कळतं. आमच्या जुन्नर-आंबेगावाकडं सगळा कच्चा माल असून स्वतःचा रॅप का नाही, तेही कळतं.

हिपहॉप जन्मापासूनच प्रांताभिमानी. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीत, डीजे कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या, तो त्याचा वाढदिवस मानतात. हर्क मूळचा जमैकाचा. रस्त्यात स्पीकरची भिंत उभी करून नाच लावायचा, ही तिकडची रीत त्याला ठाऊक होती. गाण्यातला नुसत्या ताशा-ढोलासारखा वाजणारा तुकडा दोन तबकड्यांवर आलटून-पालटून तो लांबवायचा आणि माइकवरून नाचणाऱ्यांना चेतवायचा. त्या चेतवण्यातून रॅप वाढला. पुढं न्यूयॉर्कचा ठोकळेबाज बूम-बॅप झाला. लॉस एंजेलिसला डॉ. ड्रेनं 1992 च्या 'द क्रॉनिक'मध्ये तोच माल सैल, डुलत्या फंकवर घातला. ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूनं तर टेपच संथ केली. अटलांटानं ट्रॅप दिला: पोटात घुमणारा बेस आणि वर हाय-हॅटची बारीक तडतड. शिकागोचं ड्रिल लंडनला गेलं, तिथं त्याचा बेस सरकता झाला आणि तसाच तो परत न्यूयॉर्कला पोचला. अमेरिकेच्या दक्षिणेतली माणसं शब्द ओढून बोलतात, म्हणून तिकडचा रॅपही रेंगाळत चालतो. न्यूयॉर्कवाले बराच काळ त्याला गावंढळ समजत होते. हे वाचताना कोणा मराठी माणसाला सदाशिव पेठ आठवली तर त्याचा दोष नाही.

आपल्याकडं मुंबई पहिली. नेझीचं 'आफत' 2014 चं, डिव्हाइन आणि नेझीचं 'मेरे गल्ली में' 2015 चं आणि त्या दोघांवरून स्फुरलेला झोया अख्तरचा 'गली बॉय' 2019 चा. या साखळीत भाषा बम्बइया हिंदी, आणि मराठी त्यात फोडणीपुरती. मुंबईच्या गल्लीत चार भाषा एका वाक्यात राहतात, तेव्हा हे खोटंही नव्हे. पण मराठीला स्वतःच्या पायावर उभं करण्याचं काम 'स्वदेसी' या गटातल्या एमसी मवालीनं केलं. याच गटात गुजरातीतून रॅप करणारा एमसी तोडफोड होता. तो 2022 मध्ये ऐन चोविशीत गेला. आरे कॉलनीतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह या गटानं 2019 मध्ये 'द वारली रिव्हॉल्ट' केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रात्रीतून तोडली गेली. त्या गाण्यात भोईरांचा आवाज येतो तेव्हा रॅप बाजूला सरून त्यांना जागा देतो, हे मला गाण्यातलं सगळ्यात शहाणं काम वाटतं. मवालीचा आवाज मात्र पुष्कळदा मोर्चातल्या आवाजाकडं झुकतो. घोषणेला स्वतःचा ठेका असतो आणि तो रॅपपेक्षा जड असतो. दोन्ही एकदम पेलायचे तर शाहीर संभाजी भगतांसारखा उपहास अंगात हवा.

पुण्याची गंमत अशी की तिथून निघालेला सर्वांत मोठा रॅपर मराठीत रॅप करत नाही. ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेला एमसी स्टॅन. 2020 चा त्याचा अल्बम 'तडीपार'. फेब्रुवारी 2023 मध्ये तो 'बिग बॉस'चं सोळावं पर्व जिंकला आणि 'शेमडी' हा आपल्या घराघरातला शेंबडा शब्द देशभर करून बसला. त्याची हिंदी ही पुण्याच्या वस्त्यांतली हिंदी आहे: दखनीचा हेल, मराठीचे शब्द आणि मराठीच वाक्यरचना. ट्रॅपचा बीट आणि ऑटोट्यूननं चिकट केलेला आवाज यांवर ती सैलावून बसते. स्टॅनच्या मजकुरात मला फार रस नाही. पैसा, दुष्मन, चपला, पुन्हा दुष्मन. पण कानाला तो खरा वाटतो, कारण तो बोलतो तसाच गातो. पुण्याचाच संबाटा मराठीत रॅप करतो आणि ट्रॅपवर मराठी बसते की नाही या शंकेला त्यानं बऱ्यापैकी उत्तर दिलं आहे.

खरी मजल अमरावतीनं मारली. त्यामागं भाषेचं एक साधं कारण आहे. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. करतो, भरतो, मरतो, सरतो असं यमक शाळकरी पोरालाही जुळतं आणि तेच मराठी रॅपचं दुखणं आहे. सोळा ओळी सलग 'तो'वर आदळल्या की पुढचा शब्द श्रोता रॅपरच्या आधी उच्चारून मोकळा होतो. आपल्या जुन्या शाहिरांना हे दुखणं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी यमक ओळीच्या पोटात नेलं. आमच्या शेजारच्या संगमनेरचा अनंत फंदी 'फटका' लिहिताना एकाच ओळीत अनुप्रास पेरतो आणि नुसत्या शेवटच्या क्रियापदावर भिस्त ठेवत नाही. आजच्या बहुतेक पोरांनी फंदी वाचलेला नाही, पण इंग्रजी रॅपमधल्या पोटयमकांवरून ते त्याच जागी पोचतात.

वऱ्हाडीला या बाबतीत जन्मजात सवलत आहे. मले, तुले, कायले; करून राह्यलो, पाहून राह्यली. क्रियापद लांबतं, त्यामुळं ट्रॅपच्या तिहेरी चालीत ते आपोआप पडतं. शेवटी 'बे' किंवा 'भौ' टाकला की क्रियापदावरचा भार जातो आणि श्वास घ्यायला जागा मिळते. सौरभ अभ्यंकर, म्हणजे 100 आरबीएच (शंभराला हिंदीत सौ, म्हणून), हे सगळं जाणून वापरतो. त्याच्या वऱ्हाडीत शेतकऱ्याचं कर्ज येतं, जात येते, पण भाषण येत नाही. तो चिडलेला असतानाही गप्पा मारल्यासारखा बोलतो आणि वऱ्हाडी माणूस चिडतो तो असाच. त्याच अमरावतीचा विपिन तातड आंबेडकरी विचारातून लिहितो. त्याच्यामागं भीमगीतांची आणि वामनदादा कर्डकांची परंपरा उभी आहे आणि ती त्याला माहीत आहे. तिथलीच आर्या जाधव, क्यूके या नावानं, 2022 मध्ये एमटीव्हीच्या 'हसल'मध्ये मराठी घेऊन गेली. एका जिल्ह्यातून तिघं आणि तिघांचे आवाज वेगळे. याला शैली म्हणायची.

'तांबडी चामडी' आणि 'गुलाबी साडी' यांना रॅप म्हणायचं का, या वादात मी पडत नाही. दोन्ही 2024 ची. पहिलं क्रेटेक्स आणि श्रेयसचं, क्लबातल्या हाउस संगीतावर मराठी चिकटवलेलं. दुसरं जळगावकडच्या संजू राठोडचं, लग्नाच्या वरातीतून थेट जगभर पोचलेलं. नाचायला उत्तम. त्यांनी एक काम चोख केलं: मराठी शब्द बीटवर 'बसत नाहीत' ही तक्रार कायमची बंद केली.

शाहिराची दुसरी जागा, सत्तेला टोचण्याची, तीही रॅपनं घेतली आहे. एप्रिल 2023 मध्ये राज्यातल्या सत्तांतरावर आणि राजकारणावर रॅप केल्याबद्दल छत्रपती संभाजीनगरचा राज मुंगासे आणि मुंबईचा उमेश खाडे या दोघांवर गुन्हे दाखल झाले. काव्य म्हणून ती गाणी साधी आहेत, मुंगासेचं तर बरंचसं घोषणाच. पण पन्नास वर्षं पोवाड्यांना सरकारी व्यासपीठावर हार-तुरे घालून ठेवल्यावर कोणा गाण्याची दखल पोलिसांना घ्यावीशी वाटली, एवढ्यानंही परंपरेचा पत्ता बदलल्याचं कळतं.

आता आमच्याकडं. आमचं गाव बोरी बुद्रुक, जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठी. आमच्या नदीच्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. पुष्कळ अभ्यासक तो सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीचा मानतात आणि त्याच्या वयावरून त्यांच्यात अजून भांडणं आहेत. बाहेरून आलेलं इथं मुरतं, याला आमच्याकडं जुना पुरावा आहे. हिपहॉप मात्र अजून मुरलेलं नाही, आणि ही गोष्ट मला खटकते, कारण या तालुक्यांइतका बोलका मुलूख महाराष्ट्रात दुसरा दाखवा.

शेजारच्या नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. चैत्राच्या यात्रांआधी तिथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. बतावणीतला सोंगाड्या आणि सवाल-जवाबातली चढाओढ तर आहेच, पण मला विशेष वाटतो तो भेदिक शाहिरीतला कलगी-तुरा. तुरेवाले शिवाला थोर मानणार, कलगीवाले शक्तीला. एकानं कूट घालायचं, दुसऱ्यानं तिथल्या तिथं गाण्यातच उत्तर द्यायचं, नाही जमलं तर हार. मागं झीलकरी 'जी जी' धरून शाहिराच्या ओळीला टेकू देतात आणि त्याला दम घेऊ देतात. रॅपच्या बॅटलमध्ये याहून वेगळं काय घडतं? फरक एकच आणि तो कलगी-तुऱ्याच्या बाजूचा: तिथं नुसत्या आईबहिणीच्या शिवीवर फेरी जिंकता येत नाही, काही वाचलेलं असावं लागतं.

आणखी एक फरक रॅपवाल्यांनी मनावर घ्यावा. विठाबाई, कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे यांनी स्वतःच्या नावावर फड चालवले, माणसं पोसली. हिपहॉपमध्ये बाई अजून पाहुणी आहे. म्हणून माही जी, म्हणजे मधुरा घाणे, हिच्याकडं लक्ष जातं. ती महादेव कोळी समाजातली आणि जंगल-जमिनीबद्दल मराठीत रॅप करते. 'जंगलचा राजा' हे तिचं गाणं भीमाशंकरच्या बाजूच्या, म्हणजे आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी वाड्यांवर कोणी लावलं तर त्यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

पण आमच्याकडचा खरा एमसी तमाशात शोधू नये. तो बैलगाड्याच्या घाटात माइक धरून उभा असतो. गाडा दहा-पंधरा सेकंदांत घाट चढून जातो. तेवढ्या वेळात निवेदकानं गावाचं नाव, गाडामालकाचं नाव, बैलाचं नाव, पुढं धावणारी घोडी आणि घड्याळातले सेकंद हे सगळं एका दमात बोलायचं, आणि बरोबर त्या क्षणी 'भिर्रर्र' उचलायचं. दोन बाऱ्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात तो कोपरखळ्या मारतो, देणगीदारांची नावं यमकात बसवतो, भांडायला आलेल्याला हसवून परत पाठवतो. हर्कच्या पार्टीत माइकवाला हेच करायचा. चांगला निवेदक बोलीत बोलतो, प्रमाण भाषेत नव्हे. 'लई', 'आरं', 'गेला की रं' हे त्याचे ताल. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या, तेव्हा ही कला जवळजवळ मुकी झाली होती. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठानं ती कायम केली, आणि घाट पुन्हा बोलते झाले.

मग अडतं कुठं? अडतं डीजेपाशी. ब्राँक्समध्ये आधी स्पीकर आले, मग माइकवाला. आमच्याकडं स्पीकरच्या भिंती आल्या, हलगीचा ठेका फुगवून केलेले मिक्स आले, काचा हादरवणारे 'साउंड चेक' आले, पण माइक कोणाच्या हातात दिला गेला नाही. हर्कची पार्टी बोलायला जागा ठेवत होती; आमची वरात ती ठेवत नाही, कारण आवाज किती हीच तिची स्पर्धा. दुसरी अडचण पोरांच्या लिहिण्यात. या पट्ट्यातून यूट्यूबवर जी बैलगाड्यांची आणि भाईगिरीची गाणी येतात, त्यांत बीट मुंबईचा, ऐट स्टॅनची आणि मराठी पाठ्यपुस्तकातली. 'नाद', 'वाघ', 'काळीज' हे तीन शब्द काढले तर निम्म्या गाण्यांत काही उरत नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे भाव पडतात तेव्हा काय बोलतात, उसात बिबट्या दिसला की रात्रीच्या लाइटीत मोटार चालू करायला कोण जातं आणि कोण घरी थांबतं, आळेफाट्याला कांद्याच्या गोण्या घेऊन थांबलेला माणूस फोनवर बायकोला काय सांगतो, यातलं काही गाण्यात नाही. बोलण्यात मात्र आहे, रोज आहे.

अलीकडं एक बारीक बदल दिसतो. घाटातल्या निवेदकाचा आवाज मोबाइलवर पकडायचा, नेमका 'भिर्रर्र'चा तुकडा कापायचा, तो पुन्हा पुन्हा वाजवून खाली ट्रॅपचा बेस सोडायचा, असे रील फिरतात. सतरा-अठरा वर्षांची पोरं हे फोनवर करतात. हर्क दोन तबकड्यांवर जे करत होता तेच हे तंत्र, आणि इथं पहिल्यांदाच बीट बोलीच्या मागं धावतो. त्या रीलवर बैलाचं नाव असतं, गाडामालकाचं असतं, डीजेचं तर ठळक अक्षरांत. ज्याचा आवाज कापला त्या निवेदकाचं नसतं. त्याला यातला एक पैसा मिळत नाही, आणि पुढच्या यात्रेची त्याची सुपारीही त्या रीलमुळं वाढत नाही.