भीमाची बोटं

अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा आपण सगळ्यांनी वाचलीय. सभेत आपले वक्ते तिच्यातल्या भुकेवर बोलतात, टाळ्या पडतात. भीमाच्या तुटलेल्या बोटांपाशी मात्र कुणी थांबत नाही. मला तिथंच थांबायचंय. कारण माझी मावशी वाळूजला भंगार वेचते, आणि तिच्या उजव्या हाताचं एक बोट आता वळत नाही.

कथा आठवा. भीमा मुंबईला खाणीत दगड फोडणारा गडी. खाण बंद पडते. मग तो सोन्यासाठी राख चाळतो, पुढं मढी उकरतो. एका रात्री मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. डॉक्टर ती कापून टाकतो. आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याचं कळतं.

पुष्कळजण याला नशिबाचा खेळ समजतात. मी म्हणतो, हा हिशेब आहे. भीमाची बोटं मढ्यानं नाही खाल्ली, बंद खाणीनं खाल्ली. धोका दिसतो एकीकडं, तयार होतो दुसरीकडं. अण्णा भाऊंनी हे बरोबर हेरलं होतं.

हाच हिशेब घरोघरच्या कचऱ्याला लावा. मावशीच्या गोणीत काय येतं? फुटकी काच, दाढीची पाती, साखरेच्या पेशंटनं टोचून फेकलेली सुई. तिच्यातून हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही लागू शकतो. मोबाइलची बॅटरी येते, ती गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते. ट्यूबलाइट येते, तिच्यात पारा. वाळूज पडलं कारखान्यांचं. थिनरचा डबा नि लेथवरचा लोखंडी चुराही घरच्या कचऱ्यात निघतो.

साहेब लोक धोक्याचा तक्ता करतात तो हातमोज्यांपासून. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोजे, बूट, मास्क, रेनकोट द्यायला सांगितलं होतं. हवेतच ते. पण सुरक्षेच्या शास्त्रात मोजे शेवटच्या पायरीवर येतात. आधी धोका मुळातून काढा, नाही निघाला तर माणसापासून लांब ठेवा, तरी उरला तर मोजे. त्याच नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितला होता. म्हणजे पहिली पायरी कचरा टाकणाऱ्याच्या उंबऱ्यात आहे. मावशी म्हणते, "मोजं घातल्यावर काच लागत न्हाई बाबा, पर हाताला काच हाय का पन्नी, ते बी कळत न्हाई. मंग येचू कसं?" हे वाक्य कुठल्या तक्त्यात आहे?

सुई टाकणाऱ्याला पुढचा हात दिसतच नाही. काढणारं कुणीतरी आहेच, हे जातीनं त्याला शिकवून ठेवलंय.

दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) कावाखान्यातल्या बाया चिंध्या, कागद, काचा वेचतात. ते पान आपण दुःखाचं म्हणून वाचलं, कामाचं म्हणून वाचलं नाही. २०१८ मध्ये नारेगावला कचऱ्याच्या गाड्या अडल्या, मिटमिट्यात दगडफेक झाली, औरंगाबाद शहर कचऱ्यात बुडालं. बोलणं झालं ते वासाचं आणि शहराच्या अब्रूचं. वेचणाऱ्या हाताबद्दल मी तरी अवाक्षर ऐकलं नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढं २०१३ मध्ये तिथल्या बायांनी वापरलेले डायपर नि पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवले. धोका जिथं तयार होतो, तिथं त्यांनी बोट ठेवलं.

आणि आपण? मावशीचं बोट कुठं कापलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. चौदा एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याच मंडळाच्या मांडवामागं. फुटलेल्या ट्यूबा आम्हीच पत्रावळीत गुंडाळून फेकल्या होत्या. शीर तुटली. बाबासाहेबांच्या नावानं घसा बसेस्तोवर घोषणा देणारे आम्ही, आणि आमच्या कचऱ्यापुढं कुणाचा हात आहे हे आम्हीही पाहिलं नाही.

म्हणून सांगतो, धोक्याचा तक्ता वेचणाऱ्या बायांना विचारूनच करा. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीनही डोस त्यांना मिळाले का, ते वस्तीत फिरून विचारा. नसतील तर मोर्चा काढा. आमच्या मंडळानं यंदा मांडवामागं झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरात 'काच' असं लिहिलं. मावशीला वाचता येत नाही, म्हणून खाली फुटक्या बाटलीचं चित्रही काढलं.

जय भीम.