गडकऱ्यांचें बंड : कारण आणि युद्धपद्धति

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या कोल्हापूर खंडांत (१८८६) सन १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडाचा वृत्तांत आहे. गडकऱ्यांच्या परंपरागत जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखालीं गेल्या हें बंडाचें कारण सर्वमान्य आहे. त्याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु सामानगड १३ ऑक्टोबरला हल्ल्यानें गेला, पन्हाळा १ डिसेंबरला पडला, एवढ्या तारखांवरून गडकरी लढण्यांत उणे होते अशी जी समजूत होते, ती आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

तोफेपुढें गिरिदुर्गाचा निभाव लागत नाहीं, हें सन १८१८ त रायगडावर दिसून आलें होतें. उलट सांवतवाडीकडील बंडखोरांनीं रान व घाटवाटा यांचा आश्रय केला, तेव्हां त्यांच्यामागें औट्रमसारख्या अधिकाऱ्यास धाडावें लागलें. हा औट्रम सन १८२५ पासून खानदेशांत भिल्लांची हलकी पलटण उभारून डोंगरी लढाई शिकलेला होता. सन १८४५ त मनोहरगड गेल्यावरहि तेथील पुढारी हातीं न लागतां गोव्यांत उतरले.

मग कोल्हापूरच्या गडकऱ्यांनीं विखरून लढण्याचा हाच मार्ग कां धरला नाहीं? आमच्या मतें उत्तर बंडाच्या कारणांतच आहे. गड हेंच त्यांचें वतन. गड सोडणें म्हणजे हक्क सोडणें. ज्यासाठीं ते उठले, त्यानेंच त्यांस तटाशीं जखडलें. म्हणून महसुलाचें प्रकरण व लढाईचें प्रकरण निरनिराळीं न वाचतां एकत्र वाचावीं, एवढीच आमची अभ्यासकांस विनंती आहे.