राजवाडा आणि राहुटी

मुंबईच्या जुन्या चित्रगृहांविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. रीगल १९३३ साली उघडले, मेट्रो आणि इरॉस १९३८ साली, लिबर्टी १९४९ साली. १९९३ पासून बंद पडलेले रॉयल ऑपेरा हाऊस डागडुजी होऊन २०१६ साली पुन्हा उघडले. २०१८ साली युनेस्कोने मुंबईतील ज्या इमारतींना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत रीगल व इरॉस ही दोन्ही आहेत. याचा आम्हांसही आनंदच आहे. परंतु हे सारे लेखन दर्शनी भिंत, जिना आणि झुंबरे यांपाशी घुटमळते. हदगावात बसून ते वाचताना साहजिकच मनात येते, की या इतिहासात आमची बैठक कोठे?

आमच्याकडे सिनेमा जत्रेबरोबर आला. देवाची यात्रा भरली की पाळणे, मिठाईची दुकाने, तमाशाचे फड, आणि एका कडेला तंबू. दिवे मालवेपर्यंत तो कापडाचा आडोसा. मालवले की तोच राजवाडा.

या तंबूकडे नीट पाहणारी एक कलाकृती आमच्या पाहण्यात आली, ती शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा २०१६ चा माहितीपट. कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. महाराष्ट्रातील फिरत्या टॉकीजचे दोन चालक आणि प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक कारागीर यांच्यामागे हे दिग्दर्शक वर्षानुवर्षे हिंडले. जुनाट लॉरी, तेलकट हात, रिळांचे डबे, आणि मग एके दिवशी येणारे डिजिटल यंत्र. उसासे न टाकता हे सारे दाखविले आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. यंत्र बंद पडणे म्हणजे नुसता धंदा बुडणे नव्हे. एका माणसाच्या हातातली विद्या निरुपयोगी होणे आहे, हे त्या कारागिराकडे पाहून कळते. जुन्या चित्रगृहांवरच्या कितीतरी देखण्या ग्रंथांना हे साधलेले नाही.

तथापि एक उणीव सांगितली पाहिजे. चित्रपटातली तिन्ही प्रमुख माणसे पुरुष आहेत, आणि प्रेक्षक बहुतांशी उजळलेले चेहरे म्हणूनच येतात. ते चेहरे सुंदर आहेत. पण ते बोलत नाहीत. म्हणजे शहरातल्या इतिहासाने जे केले तेच येथे वेगळ्या रीतीने घडले. तेथे वास्तूने प्रेक्षकाला झाकले, येथे यंत्राने.

वास्तविक भारतीय चित्रपटाची कुळकथाच एका प्रेक्षकाची आहे. १९१० च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांनी प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि त्यांना आपल्या राम-कृष्णांची चित्रे डोळ्यांपुढे दिसू लागली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. पडद्यावर ख्रिस्त आणि पाहणाऱ्याच्या मनात कृष्ण: आमच्या वाचकांना ही हकिकत ठाऊक असेल, पण तिच्यात खुर्चीवरच्या माणसाचे मोल किती आहे हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. फाळक्यांनी त्या दिवशी काय पाहिले हे आपल्याला कळते, कारण ते लिहिते होते. तंबूतल्या बाईचे कोण लिहिणार?

आमच्या घरात तंबूतला सिनेमा पाहिलेली एकच स्त्री होती, आमची आजी. बायकांची बाजू दोरी बांधून वेगळी केलेली असे. एरवी सूर्यास्तानंतर ओसरीखाली पाऊल न टाकणारी ती, यात्रेत मात्र कोणी अडवीत नसे म्हणून, शेजारणींबरोबर पाठोपाठ दोन खेळ बघून आली होती. सिनेमाचे नाव तिला कधीच आठवले नाही. परतताना कंदील कोणाच्या हातात होता, गाडीरस्त्याला चिखल किती होता, आणि नायिका रडली तेव्हा दोरीपलीकडचे कोणते बाप्ये हसले, एवढे ती शेवटपर्यंत नावानिशी सांगे.