पत्ता पाहावा की ताप?

२००३ च्या मे महिन्यात, सार्सची साथ चालू असताना, अमेरिकेतील बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने चीन, हाँगकाँग, तैवान व सिंगापूर येथून उन्हाळी वर्गांना येणाऱ्या विद्यार्थ्यांना बंदी जाहीर केली. हेतू खबरदारीचा, पण निकष चुकीचा. सार्सची लक्षणे लागणीनंतर साधारणतः २ ते १० दिवसांत दिसतात, आणि रोगी इतरांना लागण करतो तो मुख्यतः त्यानंतर. म्हणजे आलेल्यांचा ताप १० दिवस रोज मोजून, तापकऱ्याला लगेच वेगळे ठेवणे शक्य होते. काही दिवसांतच विद्यापीठाने बंदी अंशतः मागे घेतली. कोविडमध्ये मात्र लक्षणांआधीही लागण होई. तिथे हाच उपाय अपुरा. म्हणून साथीचा कोणताही नियम वाचताना विद्यार्थ्यांना विचारायला शिकवू या: हा नियम रोगाच्या कोणत्या गुणधर्मावर उभा आहे?