आनंदी गोपाळ

आनंदी गोपाळ : श्री. ज. जोशी यांची चरित्रात्मक मराठी कादंबरी (१९६८). पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्री डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) व त्यांचे पती गोपाळराव यांचे सहजीवन हा तिचा विषय होय.

कल्याणच्या यमूचा नवव्या वर्षी टपाल खात्यातील विधुर गोपाळरावांशी झालेला विवाह, पतीने हट्टाने चालविलेले तिचे शिक्षण, पहिल्या अपत्याचा मृत्यू, १८८३ मधील अमेरिकाप्रयाण, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी (१८८६) आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू होण्यापूर्वीच क्षयाने ओढवलेला अंत, असा हा जीवनपट आहे. स्त्रीने डॉक्टर होणे समाजाला अमान्य होते. तथापि तिची कोंडी केवळ सनातनी विरोधातून होत नाही, हे लेखकाने नेमके हेरले आहे. पत्नीला शिकविणारे गोपाळरावच तिच्यावर हात उगारतात. सुधारकाचा ध्यास आणि नवरेपणाचा ताबा एकाच व्यक्तीत नांदतात, हे दाखविताना लेखकाने त्यांना ना खलपुरुष केले, ना त्यांचे दोष झाकले. गोपाळरावांचे विक्षिप्त, परंतु जिवंत स्वभावचित्र हे कादंबरीचे मोठे यश होय.

तीच तिची मर्यादाही ठरते. आनंदीबाईंच्या प्रयाणाच्या आदल्या वर्षी, १८८२ मध्ये, वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा स्त्रीपुरुषतुलना हा निबंध प्रसिद्ध झाला. स्त्रियांवर सर्व दोष लादणाऱ्या पुरुषांना जाब विचारताना ताराबाईंनी तत्कालीन कथा-नाटकांतील स्त्रीचित्रणाचाही समाचार घेतला. स. गं. मालशे यांनी हा निबंध १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणला. पुरुषाने रंगविलेली स्त्री कितपत खरी, या ताराबाईंच्या कसोटीवर प्रस्तुत कादंबरी अंशतःच उतरते. आनंदीबाईंविषयी तिच्यात अकृत्रिम सहानुभूती आहे. परंतु त्या बव्हंशी गोपाळरावांच्या संकल्पाची सिद्धी म्हणून दिसतात. श्रीरामपूर (बंगाल) येथील १८८३ च्या भाषणात आपल्या निर्णयाची कारणे स्वतः मांडणारी, पतीला पत्रातून पूर्वीच्या मारहाणीची स्पष्ट आठवण देणारी आणि हिंदू स्त्रियांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिणारी विदुषी त्या मानाने मागे राहते.

असे असले, तरी आनंदीबाईंचे चरित्र सामान्य वाचकांपर्यंत नेण्यात या कादंबरीचा वाटा मोठा आहे. तिचे नाट्यरूपांतर झाले असून आशा दामले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९९२ मध्ये आणि याच विषयावरील मराठी चित्रपट २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.